तुळशीच्या डब्यातली प्रिमरोझ

मी एक जुनी प्रिमरोझ आहे, विलायती फुलझाड. मित्रांनो, नाव ऐकून मान वाकवू नका. पूर्वी फार जणांनी वाकवली, आणि त्यानंच मी बिघडले.

विलायतेत आमची जात कुंपणाखाली, ओढ्याकाठी उगवते. गुरं तुडवतात, कुणी ढुंकूनही पाहत नाही. ही गोष्ट मी पोटातच ठेवली. बासष्ट साली मुंबईच्या बाईसाहेबांनी बोटीनं मागवलेलं बी लोणावळ्याच्या बंगल्यात रुजलं. पुढच्या थंडीत फिकट पिवळी फुलं आली, आणि पाहुणे कुंडीभोवती "वा, वा!" करू लागले. झालं! मला बाकी सगळं क्षुद्र वाटू लागलं. माळावरची पिवळी सोनकी? गावंढळ. तेरडा? नुसती पावसाळी गर्दी. राखणदार हौशीरामची बायको शकुबाई तर डोळ्यांत सलायची. बंगल्यामागच्या खोलीपुढे गंजक्या डब्यात तिची तुळस. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, हा तिचा नेम. त्याच ओल्या हातांनी ती माझ्याकडे यायची. मी मनात म्हणे, डब्याचे हात मला लावू नकोस.

एकदा तिनं विचारलं, "बाईसाहेब, ह्ये सायबाच्या मुलखात कुटं लावत्यात?"

"लावतात कसलं! तिकडे रानोमाळ उगवतं."

"म्हंजे तिकडली सोनकीच की!" शकुबाई हसली.

माझा देठच झुकला. बाईसाहेबांनाही ते रुचलं नाही. "तुला काय कळतंय त्यातलं!" म्हणाल्या.

चैत्रात ऊन तापलं. माझी पानं करपून मातीला टेकली. मोटारीत बसता बसता बाईसाहेब म्हणाल्या, "मेलं ते. उकिरड्यावर टाक. कुंडी तेवढी धुऊन ठेव."

कुंडी तेवढी!

शकुबाईनं मला उपटलं, मुळं चाचपली. "जित्ती हाय अजून," म्हणाली, आणि तुळशीच्या बुडाशी लावलं. त्याच डब्यात! लाजेनं मेले असते, पण तेवढीही ताकद नव्हती.

वैशाखात तिनं तुळशीवर गळती टांगली, म्हणजे बुडाला भोक पाडलेलं मडकं; त्यातून थेंब थेंब पाणी. पाणी टेकडीखालून आणावं लागे. हौशीराम वैतागला. "मानसाला प्यायला न्हाई, अन् तू गवताला पाजती?"

"थेंब तुळशीचा हाय. खाली झिरपतंय ते ही पिती. तुमच्या तांब्यातलं न्हाई मागत."

म्हणजे मी उरलंसुरलं पिणारी! पण प्याले. तेच पिऊन जगले.

पौषात डब्यात सात फुलं आली. बाईसाहेब पाहुणे घेऊन आल्या आणि किंचाळल्याच. "माझी प्रिमरोझ, या घाणेरड्या डब्यात? शकू, आत्ताच्या आत्ता काढ!"

"मुळं गुतल्यात, बाईसाहेब. हिला काढली तर तुळस मरंल."

"मरू दे! तुळशी काय, छप्पन्न मिळतात."

माझ्या पानांवर काटा आला. चैत्रात मलाही असंच टाकून दिलं होतं. शकुबाईनं पदर खांद्यावर घेतला. आवाज चढवला नाही.

"तुळशीला हात लागनार न्हाई. तुमी सांगितल्यापरमानं कुंडी धुऊन ठेवलीया. ती न्या."

पाहुणे खाली बघू लागले. बाईसाहेब आत निघून गेल्या.

मित्रांनो, ती कुंडी व्हरांड्यात अजून रिकामी आहे. फार स्वच्छ आहे. घरी रोप आणाल तर फुलांत असताना मिरवू नका. उन्हाळ्यात पाणी घाला. आणि माळावरच्या फुलाला हलकं लेखू नका. आता सोनकी फुलली की मी आपणहून मान लववते. ती ओळख दाखवत नाही. मी तिला गावंढळ म्हटलेलं तिनं ऐकलं असावं.