बाप जिवंत असताना

रोहण्याचे नरहर मास्तर भारी तापट. पण पोराच्या बाबतीत अगदी लोणी. त्यांचा माधव, बावीस वर्षांचा घोडा, कापसानं भरलेल्या बैलबंडीवरून डोक्यावर पडला. उठून हसत म्हणाला, "काही नाई झालं, बाबा," आणि तासाभरात बोलता बोलता बेशुद्ध झाला. एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून मास्तरांनी त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं.

"कवटीच्या आत रक्त साकळलंय," डॉक्टर म्हणाले. "भोक पाडून काढावं लागेल. लवकर डोकं भादरून घ्या."

फाटकाजवळच्या बंडूजी न्हाव्याला बोलावलं. त्यानं वस्तरा उघडला, मास्तरांकडे पाहिलं आणि मिटून टाकला.

"याचे बाप तुमीच ना? मंग मले नाई जमत, गुरुजी. बाप जिता असताना पोराचं डोकं कसं भादरू? तुमच्याच जिवाले घोर."

मास्तरांच्या पत्नी अनुसयाबाई नवऱ्याकडे बघत, पोराकडे बघत नुसत्या उभ्या. कोणाला वाचवा म्हणावं बिचारीनं?

मास्तर कडाडले, "काऊन थांबून राह्यला? मी मेलो असं समज! आन तो वस्तरा इकडे!"

आणि त्यांनी स्वतःच भादरलं. खरं सांगायचं तर तेही घाबरले होते. मास्तरकी केली म्हणून भीती काही सुटत नाही. दोन ठिकाणी कापलंही, पण केस एक ठेवला नाही.

ऑपरेशन झालं. रक्त निघालं. "जीव वाचला," डॉक्टर म्हणाले, "पण माणसं ओळखेल का, बोलेल का, ते आत्ता सांगता येत नाही."

दोन दिवस मास्तर उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माधवनं डोळे उघडले. समोर आई होती, पण तो काही बोलेना. हात तेवढा वर गेला, पट्टीखाली मानेवरून फिरला, कानामागं फिरला. केस कुठंच लागेनात. त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"माय," तो म्हणाला, "बाबा कवा गेले वं?"

अनुसयाबाई हसत होत्या की रडत, त्यांनाच कळेना. मास्तर धडपडत त्याच्या पुढ्यात आले. स्वतःच्या मरणानं एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

"हा काय, मी इथंच हावो," धोतराच्या सोग्यानं पोराचे डोळे पुसत ते म्हणाले, "पन रड बाप्पा, तू रड."