घरचं मत

केंद्रातल्या वरच्या सभागृहातली जागा माझ्या नवऱ्याला मिळायची होती. अर्धांगाच्या झटक्यातून ते सावरत होते, आरशासमोर उभं राहून भाषण घोकत होते. त्याच सुमारास धाकट्या भावानं पक्षाध्यक्षांच्या कानाला लागून सांगितलं, "दादाची वाचाच गेलीय." जागा धाकट्याला मिळाली. ते ऐकलं आणि ह्यांनी बोलणं खरंच टाकलं, मरेपर्यंत.

मग पक्षाला माझा पुळका आला. विधवेला मतं पडतात म्हणून मला राज्यातल्या खालच्या सभागृहाचं तिकीट दिलं, मी निवडूनही आले. दिराशी गोडच राहिले. त्यांच्या वाढदिवसाला केक नेत होते आणि मनात त्यांचं वाटोळं चिंतत होते.

मुदत संपली, भाऊजी पुन्हा उभे राहिले. निवडणारे आम्हीच, राज्यातले आमदार. यंदा गणित इतकं काठावर होतं की एक मत गेलं तरी ते घरी बसणार.

"वहिनी, तुमचं काय, घरचंच मत," ते म्हणाले.

"म्हणजे काय!"

आमच्यात मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, कुणी दगा देऊ नये म्हणून. दुसऱ्या कुणाला दाखवली की मत बाद. मी भाऊजींच्या नावापुढे ठसठशीत एकचा आकडा काढला. आमच्या प्रतिनिधीनं पाहून मान डोलावली. मग मी शेजारच्या टेबलाशी गेले आणि तीच पत्रिका विरोधकांच्या प्रतिनिधीसमोर उघडून धरली. तो आधी गांगरला, मग त्यानं तोंडभर हसत हरकत घेतली.

संध्याकाळी भाऊजी पडले.

पक्ष कार्यालयात जो तो माझीच समजूत घालत होता. नवख्या आहेत, गोंधळल्या. अध्यक्ष म्हणाले, "चुकून झालं एवढं सांगा, कारवाई होणार नाही." आणि भाऊजी, डोळे पुसत, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. होते चूक."

मला माफ करत होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसले असते तर पुढचं तिकीट वाचलं असतं, पण माझा सूड वेंधळेपणात जमा झाला असता.

"चूक नाही, भाऊजी. मुद्दाम केलं. तुमच्या दादासाठी." अध्यक्षांकडे वळून म्हटलं, "करा कारवाई."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. तो पोटभर पाहिला आणि मगच मी पर्स उचलली.