शोपीसचा बॉयलर

शशिकांत देवस्थळी यांनी साडेतीन फुटी आगबोट बांधायला घेतली, तेव्हा त्यांनी ती कुणालाही दाखवायची नाही असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आगबोट म्हणजे जुन्या पद्धतीची, दोन्ही अंगांना फळ्यांची मोठी चाकं असलेली. आत खरा बॉयलर, खरी वाफ, आणि वाफेवर फिरणारी चाकं. बदलापूरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक बेडरूम तिने दीड वर्षापूर्वी गिळली होती. पाहुणे आले की त्या खोलीला कुलूप लागायचं, आणि त्यांच्या पत्नी नीलिमाताई 'आत पेस्ट कंट्रोल केलंय' असं सांगून सांगून कंटाळल्या होत्या.

या लपवाछपवीला कारण होतं. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्याचे, अधिकारी असताना शशिकांतरावांनी नारळ खोवायची घडीची खोवणी काढली होती. नमुना करायला म्हणून उल्हासनगरच्या एका वर्कशॉपवाल्याला त्यांनी मोकळ्या मनाने ड्रॉइंग दिलं, आणि दिवाळीपर्यंत तीच खोवणी तिथल्याच कॅम्प दोनच्या बाजारात हातगाड्यांवर आली. नीलिमाताईंनी कौतुकाने एक विकतही आणली आणि 'बघा, अगदी तुमच्यासारखी सुचलीय कुणाला तरी' म्हणाल्या. शशिकांतराव त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून उल्हासनगरात प्रत्येकाचे हात ड्रॉइंगसाठी शिवशिवत असतात, असं त्यांचं मत झालं ते झालंच. निदान ही आगबोट तरी आपल्या नावावर राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. जानेवारीत पुण्याला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. तोवर ती पाण्यावर चालली पाहिजे आणि तोवर कुणाच्या नजरेला पडता कामा नये, इतका साधा हिशेब होता.

पण एकट्याने सगळं होत नाही. मग त्यांनी कामं वाटली. चाकं कॅम्प दोनमध्ये दिली आणि तिथे सांगितलं, गणपतीच्या देखाव्यातला रहाट आहे. सिलिंडर अंबरनाथला दिले आणि तिथे सांगितलं, भाच्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा पंप आहे. कुठे काय थाप मारली हे ते विसरत नसत. खोटं बोलण्यातही माणसाने टूलरूमची शिस्त सोडली नव्हती.

बॉयलर मात्र अडला. तांब्याच्या पत्र्याचं ते काम, आणि त्यात हात बसलेला माणूस एकच निघाला, कॅम्प पाचमधला महेंद्र केवलरामानी. चाळिशीचा, बुटका, दुकानाच्या दारातच स्टुलावर बसून काम करणारा. शशिकांतरावांनी त्याला नुसत्या पिंपाचं ड्रॉइंग दिलं. कोपऱ्यातलं बोटीचं नाव ब्लेडने कापून घेतलं होतं.

महेंद्रने कागद उलटासुलटा करून पाहिला. "काका, ये है क्या चीज? अंदर पानी-बिनी भरणार काय? नीचे आग?"

शशिकांतरावांच्या मनात पाल चुकचुकली. याला कशाला हव्यात चौकशा? "शोपीस आहे," ते म्हणाले. "दिवाणखान्यात ठेवायचा."

"शोपीसला आरपार नळी कशाला?"

"तशी फॅशन आहे."

महेंद्रने मान डोलावली, पण काही त्याला पटलेलं दिसलं नाही. पुढच्या खेपेला त्याने पुन्हा विचारलं, "काका, पक्का शोपीस ना? आग नाय ना?" आणि वर मोबाइल काढून ड्रॉइंगचा फोटो घेतला. 'माप चुकू नये म्हणून' असं तो म्हणाला. शशिकांतरावांना रात्रभर झोप लागली नाही. खोवणीवालासुद्धा असंच म्हणाला होता.

तिसऱ्या खेपेला बॉयलर तयार होता. आणि काय देखणा होता. सांधा म्हणून कुठे दिसत नव्हता, वरून सगळीकडून एकसारखा तांब्याचा मुलामा चढवलेला. शशिकांतराव तो हातात फिरवून पाहत असताना त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे दुसरं पिंप होतं. तोच व्यास, तीच आरपार नळी, भोकंही त्याच जागी. अर्धवट झालेलं.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पैसे फळीवर ठेवले.

"काका, हा आज नको नेऊ," महेंद्र उठत म्हणाला. "दोन दिन रुको. मला तुमच्याशी जरा बात करायची आहे."

दोन दिवसांत याची नक्कल पुरी होणार, शशिकांतरावांनी मनात म्हटलं. बॉयलर पिशवीत घालून ते रिक्षात बसलेसुद्धा. घरी येईपर्यंत महेंद्रचे तीन फोन आले. त्यांनी नंबर ब्लॉक केला. मग टूलरूमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'कॅम्प पाचमधला महेंद्र ड्रॉइंग चोरून माल कॉपी करतो. कोणीही काम देऊ नये. स्वतःच्या अनुभवाने सांगतो.' ग्रुपवर बासष्ट माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्यांची मुलं, जावई, भाचे आनंदनगरच्या कारखान्यांत खरेदी खात्यांत होते. तासाभरात चाळीस अंगठे आले. शशिकांतरावांना फार दिवसांनी बरं वाटलं.

बॉयलरची परीक्षा त्यांनी रीतसर घेतली. त्यात गार पाणी भरलं, बोट चालवायला लागतो त्याच्या दुप्पट दाब हातपंपाने दिला आणि अर्धा तास दाबाच्या काट्याकडे बघत बसले. काटा तसूभर हलला नाही. चोर असला तरी हात चांगला आहे, असं त्यांनी नीलिमाताईंना ऐकवलं. मुलाम्याखाली काय आहे, हे गार पाणी सांगत नाही. आणि जो माणूस ते सांगू शकला असता, त्याचा नंबर ब्लॉक होता.

सोसायटीच्या मागे गणपती विसर्जनासाठी बांधलेली टाकी होती. सोमवारी सकाळी सगळे कामावर गेल्यावर दोघांनी आगबोट चादरीत गुंडाळून तिथे नेली. शशिकांतरावांनी आधी चारही बाजूंच्या खिडक्या पाहून घेतल्या. मग बोट पाण्यात ठेवली, बॉयलरखाली गॅसचा छोटा बर्नर पेटवला, आणि दाब चढेपर्यंत बोट जागेवर धरून ठेवायचं काम नीलिमाताईंना दिलं.

"कोणी बघितलं तर काय जातं हो तुमचं?" त्या वाकून बोट धरत म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं ते."

काटा चढला. शशिकांतरावांनी झडप उघडली. आधी नुसती फुसफुस झाली, मग डावं चाक जरासं हललं, मग उजवं, आणि फळ्या एकामागून एक पाण्यावर चप-चप पडायला लागल्या. टाकीत लाटा उठल्या. नीलिमाताई हसल्या. "अहो, ओढतेय ही मला," त्या म्हणाल्या. दीड वर्षात त्या या बोटीकडे बघून पहिल्यांदा हसत होत्या, आणि शशिकांतरावांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बर्नरच्या बाजूचा सांधा सुटला. मोठा आवाजही झाला नाही. वाफेचा एक पांढरा झोत तिरका बाहेर आला तो थेट नीलिमाताईंच्या उजव्या हातावर. त्यांनी हात मागे घेतला, आणि बोट एका अंगावर कलून पाण्यात बसली.

मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे हात वापरायचा नाही असं बजावलं. शशिकांतराव दोन दिवस घरात येरझारा घालत होते आणि एकच गोष्ट घोकत होते. त्याने मुद्दाम केलं. नक्कल आपल्याकडे ठेवून मला फुटका माल दिला. तिसऱ्या दिवशी सुटलेला बॉयलर पिशवीत घालून ते निघाले. नीलिमाताई म्हणाल्या, "मी येते." त्यांनी नको म्हटलं. त्या चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या.

महेंद्रच्या दुकानाबाहेर एरवी दोन-चार माणसं तरी असायची. आज कोणी नव्हतं. महेंद्र स्टुलावर नुसता बसला होता. त्याने आधी पिशवी पाहिली नाही, पट्टी पाहिली.

"आग लगाई ना?" तो शांतपणे म्हणाला. "काकू, किती भाजलं?"

शशिकांतरावांनी बॉयलर त्याच्या समोर आपटला. "हे काय दिलंस? सांधे सुटले."

"सुटणारच. जोडाला कथलाचा डाग आहे. शोपीसला तोच देतात, वरून मुलामा. ठंडा असेल तर पकडतो, आग लागली की पिघलतो." त्याने मागच्या फळीवरचं पिंप काढून पुढे ठेवलं. आता ते पुरं झालं होतं. मुलामा नव्हता, सांध्यासांध्यावर चांदीच्या डागाची रेघ उघडी दिसत होती. वर कागद चिकटवला होता: शशीकाका, बदलापूर. "शोपीसमध्ये सेफ्टी व्हॉल्व्हचं भोक कोण पाडतं? मला वाटलं, काका काहीतरी छुपवतो. मग झोप नाय आली. तर आग झेलेल असा दुसरा बनवायला घेतला. तुम्हाला नऊ वेळा फोन केला. दुसऱ्याच्या नंबरवरून पण केला, तुम्ही आवाज ऐकून काटला."

शशिकांतरावांनी चांदीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "याचे किती झाले?"

"नको. आनंदनगरच्या दोन कंपनीने काम परत नेलं, त्याचं काय ते बोला. मेसेज मला पण आला, फिरत फिरत."

"कसला मेसेज?" नीलिमाताईंनी विचारलं.

महेंद्रने आपला फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पुरता वाचला. "महेंद्रभाई, तुम्ही यांना आगीचं विचारलं होतंत?"

"दोनदा, काकू."

"आणि हे काय म्हणाले?"

महेंद्रने फोन खिशात घातला. काकूंसमोर त्याला ते बोलवेना, आणि हेच शशिकांतरावांना सगळ्यांत जास्त लागलं.

नीलिमाताई बाकड्यावर बसल्या. "ग्रुपवर लिहा. इथेच बसून लिहा. माझा हात चालत नाही, नाहीतर मीच लिहिलं असतं."

शशिकांतरावांनी फोन काढला. बराच वेळ लावून त्यांनी टाइप केलं: 'महेंद्रबद्दल माझा गैरसमज झाला होता. तरी सर्वांनी मागचा मेसेज दुर्लक्षित करावा.' त्यांनी फोन नीलिमाताईंकडे केला.

त्यांनी वाचून परत दिला. "गैरसमज कुठे झाला? तुम्ही त्याच्याशी खोटं बोललात, आणि भाजले मी. ते लिहा."

रस्त्यावरून टेम्पो गेले. महेंद्र मान खाली घालून रिकाम्या फळीवरून फडकं फिरवत होता. शशिकांतरावांनी एकेक अक्षर पुसलं. ग्रुपवर बासष्ट जण होते. तीस वर्षं ते सगळे त्यांना देवस्थळीसाहेब म्हणत आले होते. त्यांनी पहिला शब्द लिहिला, 'मी'. मग पुढचं लिहिलं.

'मी महेंद्रशी खोटं बोललो.'