मोहाखालचं पुस्तक

सोमारीनं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

"हे घ्या बाई तुमचं. पोरगी वाचत बसली अन् गायीनं टोपलंभर मोह खाल्ला. आता तिले पुस्तक देऊ नका."

तिच्या मागे मंगली उभी होती, तिसरीतली. मान खाली.

ही २००२ सालची गोष्ट. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगराजवळच्या त्या गावात मी, घुग्घुसची तबस्सुम, नवी शिक्षिका. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की निम्मी शाळा रिकामी व्हायची आणि माझं डोकं गरम. कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत फुलं थांबून थांबून गळतात. मोठी माणसं वेचतात, पोरं गुरं हाकलायला बसतात. मी म्हटलं, नुसतीच बसतात ना, मग हातात पुस्तक असू दे! अब्बांनी पाठवलेली चित्रांची वीसेक पुस्तकं मी वाटून टाकली. किती हुशार मी! गुरं हाकलायची तर डोळे गुरांवर ठेवावे लागतात, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

बाकीच्या पोरांनी चित्रं चाळून पुस्तकं परत आणली. मंगली तेवढी, कुणी न सांगता, रोज नवं मागायची.

मी सोमारीला शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"समजते बाई. पन मोह वर्षातून एकदाच पडते. पावसाळ्यात आमचं तेल-मीठ त्याच्यावरच चालते."

मी पुस्तक पेटीत ठेवून दिलं.

पुढचे दोन दिवस मंगलीनं पुस्तकांच्या पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढ्याशा पोरीला वाचनाची गोडी लागली होती आणि माझ्याच शहाणपणानं ती मोडली. फार राग आला मला, माझाच.

तिसऱ्या दिवशी उजाडताच काठी आणि पुस्तक घेऊन मी त्यांच्या झाडाखाली हजर झाले.

"आज गायी मी हाकलीन, सोमारीबाई. मंगलीले वाचू द्या."

तिनं मला वरून खाली पाहिलं. "तुमाले गाय भेते का?"

नाही भ्याली. मी काठी आपटली, हाड हाड केलं. गाईनं माझ्याकडे बघत सावकाश आणखी दोन फुलं खाल्ली. शेवटी सोमारीच धावली आणि एका हाळीत तिला पिटाळून आली.

"हाड कुत्र्याले म्हनतेत बाई!" ती पोट धरून हसायला लागली.

आई हसली तसा मंगलीला धीर आला. धाकट्या भावाला, बिरजूला, शेजारी बसवून तिनं पुस्तक उघडलं. विहिरीत पडलेल्या अस्वलाची गोष्ट होती. एक ओळ ती मराठीत वाचायची, मग बिरजूसाठी तीच गोंडीत सांगायची. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला स्वतःला गोंडीची चार वाक्यं धड येत नव्हती.

सोमारी वेचत होती. पलीकडे फुलांचा सडा तसाच पडलेला, आणि ही मात्र पोरांजवळच्या वेचून झालेल्या जागेवरच पुन्हा पुन्हा हात फिरवत होती.

तेवढ्यात तीच गाय दुसऱ्या बाजूनं आली आणि तिनं सरळ सड्यात तोंड घातलं. मी काठी घेऊन उठले. सोमारीनंही गाय पाहिली होती. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांबा ना बाई. अस्वल अजून विहिरीतच हाय. खाऊ द्या तिले थोडं."

मंगली वाचायची थांबून आईकडे बघत होती. सोमारी तिला गोंडीत काहीतरी म्हणाली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण मंगलीनं घाईघाईनं पान उलटलं. माझे डोळे भरून आले.