देव्हाऱ्यातल्या पाच गोळ्या

मी एक जुने गोळ्यांचे पाकीट आहे. मित्रांनो, जुने म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, वापरून वापरून चुरगळले असेन. तसे काही नाही. मी कोरेच जुने झाले.

कारखान्यात मला घडवले, तेव्हा माझ्या पोटात पाच गोळ्या बसवल्या. ज्या बायकांच्या अंगात बीज वेळेवर तयार होत नाही, त्यांच्यासाठी आम्ही. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी माझे काम समीक्षाला नीट समजावले होते. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक गोळी. उशीर झाला तर मध्येच सुरू करायची नाही, पुढच्या पाळीची वाट बघायची. कळंबला घरी पोहोचेपर्यंत समीक्षाने मला मुठीतून सोडले नाही. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्यासाठी, संतोषसाठी दुसरी बायको बघायचे सासूबाईंनी बोलून दाखवले होते.

त्याच सासूबाईंनी, इंदूबाईंनी, मला कौतुकाने घेतले, हळदकुंकू वाहिले आणि देव्हाऱ्यात ठेवले. एवढा मान कोणत्या पाकिटाला मिळतो? मी भारावून गेले. मूर्खच होते मी.

पाळी आली आणि समीक्षा रिवाजाप्रमाणे बाजूला बसली. देव्हाऱ्याला तिचा हात लागलेला चालेना. दुसऱ्या दिवशी तिने दारातूनच गोळी मागितली.

"देवाजवळचं हाय ते. विटाळात कसं देऊ, गं? पाचव्या दिशी न्हाऊन ये, मंग घे," इंदूबाई म्हणाल्या.

तोवर वेळ टळून गेली. संतोष साजगावच्या कारखान्यातून आल्यावर तिने त्याला दुसरे पाकीट आणायला सांगितले. आईला वाईट वाटेल, पुढच्या वेळी बघू, असे म्हणून तो जेवायला बसला. पण तिची पाळी महिनोन्‌महिने लांबायची, दुखणेच ते होते. इंदूबाई मला देवापुढून हलवू देत नव्हत्या, त्यामुळे पाळी आली की पुन्हा तेच. माझ्यावर कुंकवाची पुटे चढली आणि मुदतीची तारीख त्याखाली गेली.

परवा ओटीवर इंदूबाई शेजारच्या ठकीला म्हणाल्या, "वर्सभर गोळ्या देवापुढं ठेवल्या, तरी गुन नाय. हिच्यातच खोट हाय."

समीक्षाने आतून ऐकले. कपड्यांची पिशवी भरून ती शेलूला माहेरी निघून गेली. संतोष घरातच होता. त्याने तिला थांबवले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे पाकीट तुमच्या घरी आले, तर कृपा करून त्याला पुजू नका. ज्या बाईचे आहे तिच्या हातात द्या, त्या दिवसांतही द्या.

माझ्या पाचही गोळ्या अजून पोटातच आहेत. आज सकाळी इंदूबाईंनी मला फूल वाहिले आणि नवी सून लवकर घरात येऊ दे, म्हणून हात जोडले.