खोक्यावरचे काका

खोक्यावरचे काका शेवटी खोक्यावरच राहिले.

तर हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ. कारण ही गोष्ट ज्या सोमवारी सुरू होते, त्या सोमवारी असं काही होईल यावर खुद्द काकांचाही विश्वास नव्हता, आणि त्यांच्याआधी आपल्याला कळणं बरं दिसत नाही.

'डुलकी' कंपनीच्या वरच्या मजल्यावर लांबलचक टेबलाभोवती चौघं बसली होती. टेबलाच्या डोक्याशी काकू, म्हणजे कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टर. त्यांच्या उजव्या हाताला पुतणी. जाहिरातीचं सगळं ती बघायची. डाव्या हाताला बाहेरून बोलावलेला ब्रँड सल्लागार. आणि टेबलाच्या शेपटाशी काका. कंपनी तंबू बनवायची, घडीच्या खाटा बनवायची, पण तिचं नाव झालं होतं ते दोन झाडांना बांधायच्या कापडी झुल्यांमुळे. काका त्या झुल्यांत झोपायचे. पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे 'चाचणी' असं लिहिलेलं असायचं.

झुल्याच्या प्रत्येक खोक्यावर काकांचं रेखाचित्र होतं. झुल्याबाहेर लोंबणारा एक हात, त्यामागे पोटाचा डोंगर आणि टोकाला वर आलेला पायाचा अंगठा. त्या अंगठ्यावरून लोक काकांना रस्त्यात ओळखायचे. म्हणून काका बाहेर जाताना बूट घालायचे.

सल्लागाराने टेबलावर नवं खोकं ठेवलं. त्यावर एक तरुण होता. पोटाला टपालखात्यात पत्रं लावायला असतात तसे कप्पे. एक पाय झुल्यात, दुसरा डोंगरावर.

"हा झोपलेला नाही," काका म्हणाले.

"तो विश्रांतीसाठी सज्ज आहे, सर."

"विश्रांतीसाठी सज्ज व्हावं लागलं की ती गेलीच म्हणून समजा."

"सर, ब्रँड वाढायला हवा."

"दाढी वाढते, पोट वाढतं, तसा तोही वाढेल. माणसाने पडून राहावं."

काकूंनी पेनाने टेबलावर टकटक केलं. हे त्यांनी केलं की सभा शिस्तीत यायची, काका तर आपोआप ताठ बसायचे. "ऐका. गुरुवारी मोठ्या दुकानसाखळीची माणसं येतायत. आपला झुला त्यांच्या सगळ्या दुकानांत ठेवायला ते तयार आहेत. फक्त त्यांनी विचारलंय, हे खोक्यावरचे गृहस्थ खरे आहेत का, आणि अजून झोपतात का. झोपत असतील तर खोकं आहे तेच राहील. त्यांच्या गिऱ्हाइकांना जुनं आणि खरं आवडतं. नसतील झोपत, तर हा कप्पेवाला."

"झोपतात की," पुतणी म्हणाली. "रोज दुपारी खाली काचेत झोपतात. त्यात काय विचारायचंय?"

काका आपल्या बुटाकडे बघत राहिले.

आता हे काचेत झोपण्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. जुन्या गल्लीत काका-काकूंचं दुकान होतं तेव्हा ते इतकं अरुंद होतं, की आत गिऱ्हाईक आलं की मालकाने बाहेर जायचं. पुढे रस्त्याकडची काच, मागे फळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे काकूंचं पायमशीन. जेवण झाल्यावर काकांना आडवं व्हायला जागा उरायची ती काचेतच, तिथे नमुन्याचा झुला टांगलेला असायचा. एक दिवस ते त्यात पडले आणि जागे झाले तेव्हा काचेला नाकं लावून गल्ली उभी होती. त्या संध्याकाळी नमुन्याचा झुलासुद्धा विकला गेला. घेणाऱ्याने अट घातली होती, हाच हवा, गरम आहे तोवर.

समोर व्यायामाच्या सामानाचं दुकान होतं. त्या दुकानदाराच्या पोटात दुखलं. त्यानेही आपल्या काचेत जागच्या जागी चालवायची सायकल ठेवली आणि तिच्यावर एक पैलवान गडी बसवला. गडी दुपारभर पायडल मारायचा. लोक त्याला बघून दमायचे, वळायचे आणि इकडे येऊन झुला घ्यायचे. पुढे तो गडीही एक झुला घेऊन गेला. 'डुलकी'चा ब्रँड असा वाढला. सल्लागाराच्या आराखड्यात यासाठी रकाना नव्हता.

पुतणी तेव्हा शाळेतून थेट दुकानात यायची आणि विकायला टांगलेल्या हिरव्या तंबूत बसून अभ्यास करायची. तंबूच्या कापडातून येणारं ऊन हिरवं व्हायचं. वही हिरवी, हात हिरवे, काकांचं पोट हिरवं. पत्र्याचं छप्पर तापून मधूनच टणकन वाजायचं. समोरून सायकलची चेन करकरायची. फळ्यांमागून काकूंचं मशीन एका लयीत खडखडायचं आणि त्या लयीवर काकांचं घोरणं अंतऱ्यासारखं चढायचं. जगात याहून वेगळ्या दुपारी असतात हे तिला मोठेपणी कळलं, आणि फारसं आवडलं नाही.

सभा संपली तशी काकांनी तिला जिन्यात गाठलं. "ठमे, एक सांगायचं होतं." लहानपणापासून ते तिला ठमी म्हणायचे. "मी झोपत नाही."

"म्हणजे?"

"डोळे मिटून पडतो. या नव्या शोरूममध्ये आल्यापासून दुपारी एकदाही डोळा लागलेला नाही."

"पण काका, तुम्ही घोरता."

"तोंडाने काढतो तो आवाज. सवयीने बरा जमायला लागलाय."

एखाद्या देवमाणसाचे दात खोटे निघावेत तसं तिला झालं. "काकूला माहीतये?"

"वेड लागलंय का तुला? तिने मला चाचणी खात्यातून काढून टाकलं तर मी जाऊ कुठे?"

"मग गुरुवारी घोरा तसेच."

"नाही गं." काका पायरीवर बसले. "इतकी वर्षं लोक आपल्या दारात आले, ते मी खरा झोपलेला होतो म्हणून. सोंग खोक्यावर छापायचं असेल तर तो पोरगा चांगला आहे. निदान त्याला पोट तरी आवळता येतं."

मंगळवारी पुतणीने कंबर कसली. काकांना दुपारी दुप्पट जेवायला घातलं. काकांना ढेकर आली, झोप नाही. मग तिने त्यांना कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर ती स्वतः झोपली आणि काकांनी तिच्या अंगावर चादर घातली. सल्लागाराला यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्याने पाखरांच्या किलबिलाटाची ध्वनिफीत पाठवून दिली. काकांनी ती लक्ष देऊन ऐकली. "ही पाखरं भांडतायत," ते म्हणाले, आणि कशावरून भांडत असावीत याचा उरलेली दुपार विचार करत राहिले.

बुधवारी ती त्यांना जुन्या गल्लीत घेऊन गेली. दुकानाचं आता गोदाम झालं होतं. काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. समोर व्यायामवाल्याच्या जागी चष्म्यांचं दुकान. पण झुल्याचे हूक भिंतीत तसेच होते. तिने झुला टांगला, काका पडले. डोळे मिटले. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की त्यांची मान आपसूक फळ्यांच्या भिंतीकडे वळली आहे, पाहुण्याने बोलायला सुरुवात करावी म्हणून आपण वळतो तशी.

"काय ऐकताय?"

"काही नाही. तेच तर," काका म्हणाले. "इथून तिचं मशीन यायचं. ते सुरू झालं की मी गेलो. मध्येच थांबलं की जाग यायची. मग ती दोऱ्यावर करवादायची. 'मेल्या, सरळ चाल की जरा.' मग परत खडखड. मग मी परत गेलो."

पुतणीने तिथूनच कारखान्यात फोन लावला आणि तिथल्या एका शिलाई मशीनचा आवाज फोनवरून काकांना ऐकवला. काकांनी मान हलवली. "ही बाई कोणावर चिडलेली नाही. हिच्याने नाही व्हायचं."

संध्याकाळी पुतणी काकूंच्या केबिनमध्ये गेली आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे घोरणंही खोटं?"

"तेही."

"तरीच. मला वाटायचं सूर सुधारलाय." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी मशीनवर बसायचं? पाहुण्यांसमोर? एवढ्या मोठ्या कंपनीची एमडी?"

"भिंतीमागे, काकू. दिसणार कोणाला नाही. उद्या एक दुपार दोरा ओवायचा, बास."

काकूंना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांतच दाबलं. "दोरा," त्या म्हणाल्या. "अगं, दोरा नसायचाच."

"म्हणजे?"

"सुरुवातीला ऑर्डरी होत्या कुठे एवढ्या? दुपारी शिवायला काही नसायचं. पण मशीन थांबलं की तुझे काका उठायचे, आणि ते उठले की काचेपुढची माणसं पांगायची. मग मी कातरण सुईखाली घालून नुसते पाय मारत बसायचे. दोऱ्याविना. कातरणाची चाळण व्हायची. एक चाळण झाली की दुसरं."

"पण काका म्हणतात, तू दोऱ्यावर करवादायचीस."

"नसलेल्या दोऱ्याला मी कशाला बोलू? तुझ्या काकांनाच बोलायचे. घोरताना मध्येच अडकायचे ना, त्यांना. सरळ चाल म्हणायचे." काकूंनी चष्मा परत लावला आणि आवाज पुन्हा वरच्या मजल्याचा केला. "मशीन गोदामात असेल. तेल घालून ठेवायला सांग. आणि हे त्यांना सांगायचं नाही."

गुरुवारी दुपारी पाहुणे आले. पुढे खरेदीप्रमुख बाई, मागे त्यांची दोन माणसं, शेवटी सल्लागार, काखेत कप्पेवाल्याचं खोकं. शोरूमच्या काचेत झुला, झुल्यात काका, बूट काढलेले. मागे घाईघाईत उभी केलेली फळ्यांची भिंत, खाली वितभर फट ठेवून. काकांना वाटत होतं, तिच्यामागे पुतणीने कसलीशी नवी ध्वनिफीत ठेवली आहे. ते कसनुसं हसले आणि त्यांनी डोळे मिटले.

मग मशीन सुरू झालं.

पहिल्यांदा जरा अडखळलं, कारण काकूंचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. मग लय सापडली. काकांच्या कपाळावरची आठी उकलली. लोंबणारा हात जड झाला. अंगठा सावकाश वर आला. आणि घोरणं सुरू झालं. बेसूर, मध्येच ठेचकाळणारं, कोणाच्या बापाला तोंडाने काढता येणार नाही असं.

"मेल्या, सरळ चाल की जरा," भिंतीमागून आलं.

घोरणं सरळ झालं.

खरेदीप्रमुख बाईंनी जुनं खोकं काकांच्या पायाशेजारी धरलं आणि चित्रातला अंगठा खऱ्या अंगठ्याशी ताडून पाहिला. "तोच आहे," त्या कुजबुजल्या. "कागद आणा."

आता पंचाईत अशी, की सही एमडींची लागणार आणि एमडी उठल्या तर मशीन थांबणार. पुतणीने कागद भिंतीखालच्या फटीतून आत सरकवला. काकूंनी पाय न थांबवता सही केली. कागद बाहेर आला तेव्हा सही थेट शिलाईसारखी दिसत होती, दोन्ही टोकांना टीप पक्की केलेली. बाईंनी ती पाहिली आणि कपड्याची शिवण तपासावी तशी बोटाने ओढून बघितली. मग सगळे चवड्यांवर बाहेर गेले. सल्लागार सगळ्यात शेवटी गेला. नवं खोकं त्याने उशाला घ्यायच्या बेताने काखेत धरलं होतं.

पाहुणे गेले तरी मशीन चालूच राहिलं. पुतणी भिंतीमागे डोकावली. काकू डोळे मिटून पाय मारत होत्या आणि सुईखालचं कातरण चाळणीसारखं झालं होतं. काचेबाहेर ऊन उतरलं तेव्हा त्या थांबल्या.

काकांना जाग आली. ते आढ्याकडे बघत पडून राहिले. आवाज ध्वनिफितीतला नव्हता हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

"दोरा तुटला का गं?" त्यांनी विचारलं.

भिंतीमागे काकूंनी कातरण सुईखालून काढून घेतलं.

"हो," काकू म्हणाल्या. "मेला आजकाल टिकतच नाही."

काकू बाहेर आल्या आणि झुल्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. काका म्हणाले, "झोप एक नंबर लागली. खोकं वाचलं ना?"

"वाचलं."

"बरं झालं." त्यांनी कूस बदलली. "पण खरं सांगू? झोप तीच होती, दुपार ती नव्हती. पत्रा वाजला नाही. समोरचा तो सायकलवाला नाही. आणि ते हिरवं ऊन..."

"तंबूचं," पुतणी म्हणाली.

"तंबूचं."

तिघंही काचेबाहेर बघत राहिली. बाहेर हमरस्ता होता आणि त्यावर कोणीच हिरवं दिसत नव्हतं. मग काकूंनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं. काका झोपल्या जागी ताठ झाले.

"लिही गं," काकू पुतणीला म्हणाल्या. "कंपनीच्या कागदावर लिही. मी सांगते."

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपालिका. विषय: दुपार स्थलांतरित करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या जुन्या गल्लीतील दुपार ही आम्ही जागा सोडल्यापासून वापराविना पडून आहे. नमुना म्हणून चाळण झालेले कातरण एक नग सोबत जोडले आहे. सबब विनंती की, सदर दुपार, पत्र्याचा आवाज, सायकलवाला व हिरव्या उन्हासह, आहे त्या स्थितीत आमच्या सध्याच्या पत्त्यावर हलविण्यात यावी. आणि तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, खाली सही करणाऱ्या तिघांना त्याच दुपारी, त्याच वयात, पूर्ववत रुजू करून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.