टाकीचं पोट

फुस्स… आणि शेगडी विझली. भर दुपारच्या निवांतपणात एवढाच काय तो आवाज. मांडीवरचं तान्हं झोपेतच हललं. नंदा मात्र दचकली. दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.

आधी गोबरगॅसची ज्योत कशी निळीशार होती, जवसाच्या फुलासारखी. आता ती पिवळी पडून कापत कापत विझायची. अंगणातल्या टाकीवरची लोखंडी टोपी रोज गॅसनं वर यायची, झोपलेल्या माणसाची छाती यावी तशी. आता ती बसली ती बसलीच.

नवरा, बद्रीनाथ, सकाळीच बोलून गेला होता, "नुसत्या शेणावर गॅस बराबर चालत व्हता. तुझ्या हट्टापायी संडास जोडला, तवापासून हे असं. पोळ्यापर्यंत ज्योत सुधरली तर ठीक, न्हाई तर संडास बुजवून टाकतो."

म्हणजे पुन्हा पहाटेच्या अंधारात, तान्ह्याला रडत टाकून, नाल्याकडं पळायचं.

तिचा डोळा लागला. स्वप्नात अंगणाखाली कुणी मोठं जनावर गाभण होऊन पडलंय, ती त्याच्या पोटाला कान लावून बसलीय, आणि आतून येतोय तो वास… जालन्याच्या दवाखान्यातला, जिथं हे लेकरू झालं. जाग आली तरी वास होताच. संडासातून सासू, झुंबरबाई, बाहेर येत होती. पदराखाली बाटली.

"आत्याबाई, काय वो ते?"

"फिनाईल. हसनाबादच्या बाजारातून आणलं. रोज झाकणभर टाकून राह्यले." सासूनं बाटली आणखी आत सारली. "घाणीच्या जाळावर माझ्या नातवाचं दूध तापतं. त्याला इटाळ नको व्हय? तुला काय, तू शिकलेली."

नंदाला हसावं की रडावं कळेना.

"अवो, महेमूद मिस्त्री टाकी बांधताना म्हनले व्हते ना, टाकी म्हंजे पोट हाय. त्यात बारके बारके जीव ऱ्हातेत. सगळं खाऊन तेच गॅस करतेत. हे औषध त्यांना मारतं."

"मला कुनी सांगितलं? मी तवा दळण आणाया गेल्ते." झुंबरबाईनं पदराखालची बाटली बाहेर काढली. "म्या मारले म्हन की."

दारात सागरगोटे खेळणाऱ्या थोरल्या लेकीनं, मंजुळानं, मान वर केली, पुन्हा खाली घातली.

बद्रीनाथला दोघींनी काहीच सांगितलं नाही. बाटली आढ्याला गेली. झुंबरबाई रोज स्वतः कोपरापर्यंत हात घालून शेण कालवू लागली, टाकीत सोडताना पुटपुटू लागली, "खा बाबांनो, खा."

पोळ्याच्या आदल्या सकाळी टोपी वर आलेली दिसली. नंदानं काडी ओढली. निळं फूल उमललं, गुणगुणायला लागलं.

"मंग ऱ्हाऊ दे संडास," बद्रीनाथ म्हणाला आणि बैल धुवायला निघाला.

"मी तर आधीच म्हनत व्हते," झुंबरबाई म्हणाली. आजवर आपला चहा ती चुलीवर वेगळा करायची. आज तिनं आपलं पातेलं गुपचूप शेगडीवर सरकवलं.

मंजुळा गुडघ्यांवर हनुवटी टेकून ज्योत बघत होती.

"आई, आजीनं मारलेले तेच परत आले, का हे दुसरे हायेत?"

झुंबरबाईनं पातेलं तसंच ठेवलं आणि ती शेण कालवायला उठली.